धूरसर आणि भोंगा

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांना पोरं धूरसर म्हणतात. मी फरशा पुसणारी मावशी, मला कोण विचारतंय, पण माणूस सोन्यासारखा. व्हेप, म्हणजे ती विजेवरची सिगारेट, ओढू नका असं सांगणारे तास तेच घ्यायचे. ती नुसती वाफ नव्हे, त्यात निकोटीन असतं, फुप्फुसं खराब होतात, वाढत्या वयात चटक लवकर लागते, असं घसा फोडून सांगायचे. पोरं माना डोलवायची आणि मधल्या सुट्टीत संडासात जाऊन ओढायची. एकानं पुढे येऊन कबूल करावं, तर नाव नको.

मग सरांनीच हट्टानं पोरांच्या संडासांत धूर हुंगणारे भोंगे बसवून घेतले. भोंगा वाजला की मॉनिटरनं दाराशी उभं राहायचं, आतला बाहेर येईपर्यंत हलायचं नाही, हे त्यांनीच पोरांना पढवलं. बसवणाऱ्यानं सुट्टीच्या दिवशी शिक्षकांच्या संडासातही एक ठोकला आणि मेल्यानं कुणाला सांगितलं नाही.

सिगारेट सुटावी म्हणून सरांनी स्वतः व्हेप धरलं होतं. मला वासावरून कळलं होतं. एकदा बोललेही, सर, सोडा की हो. तर म्हणाले, मावशी, त्याच्याशिवाय एक तास निघत नाही. कुणाला कळलं तर नोकरी जाईल. जीव तुटायचा माझा.

त्या दिवशी भोंगा ठणाणा वाजला. नववीची मॉनिटर, तिखट पोरगी, धावत येऊन शिक्षकांच्या संडासाच्या दाराशी उभी राहिली. मागे अर्धा वर्ग. मी बादली टाकून पोरांना हाकललं, पण हलतील तर शपथ. आत सर, दार एकच, खिडकी ताटाएवढी. भोंगा थांबला तरी कडी निघेना. तेवढ्यात हेडबाईही आल्या.

शेवटी दार उघडलं. सर घामानं भिजलेले, व्हेप हातातच.

"मीच ओढत होतो," ते म्हणाले. "खूप प्रयत्न केला. मला सुटत नाहीये."

कुणी हसलं नाही. हेडबाई त्यांना घेऊन गेल्या, पोरं पांगली. मॉनिटर मात्र भिंतीला टेकून तिथेच. मी म्हटलं, जा गं वर्गात. तर तिनं माझा हात धरला.

"मावशी, माझंही सुटत नाहीये. सर परत येतील ना? मला त्यांनाच सांगायचंय."