उत्तनच्या चर्चमधली माझी हरकत

"रविवारी उत्तनला जाऊ या, समुद्र बघायला," असं बायको म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं. भाईंदर पूर्वेत राहून आम्हाला वीस वर्षं होऊन गेली, तिने कधी समुद्राचं नाव काढलं नव्हतं. पण उत्तनच्या एका मुलाशी आमच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मी लग्नाला येणार नाही असं सांगून बसलो होतो. मुलगी रागाने मैत्रिणीकडे राहायला गेली होती. बायकोचा बेत सरळ होता. फिरायला म्हणून मला न्यायचं आणि चर्चमध्ये लेकीसमोर उभं करायचं.

"जाऊ या की," मी म्हणालो. बेत माझाही होता.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. परभणीहून आलो तेव्हा हातगाडीवर कड्याकोयंडे विकायचो, आज गाळा स्वतःचा आहे. माझ्या पाठीमागे कुणाला सौदा करू दिला नाही म्हणून इथवर आलो. आणि माझ्या मुलीचंच लग्न माझ्या पाठीमागे ठरलं. मी माल आणायला गेलो असताना मुलाचे आईवडील घरी आले, चहा प्यायले, तारीख ठरवून गेले. आम्ही बौद्ध आणि मुलगा ख्रिश्चन, याचं मला तेवढं लागलं नाही. मला विचारलं नाही, हे लागलं.

उत्तनचा एक सुतार माझ्याकडे बिजागऱ्या न्यायला येतो. त्याने सांगितलं होतं की त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जोडप्याची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणतात. हा तिसरा रविवार होता. हरकत घेतली की लग्न अडेल, अडलं की मुलाकडची माणसं माझ्या दुकानाची पायरी चढतील, मग मी बोलेन, असं मी धरून चाललो होतो.

रिक्षावाल्याने दुप्पट भाडं सांगितलं. "उधर से खाली आना पडता है, सेठ."

"तो मैं क्या करूं? समुंदर मैंने उधर रखा है क्या?"

बायकोने माझी बाही ओढली. "आज तरी भांडू नका."

मी पाव भाडं कमी करूनच बसलो.

किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत टाकले होते. बायको वासाने नाक न मुरडता खडकावर बसली, डबा उघडला, पण एकही घास घेतला नाही. मीही नुसता समुद्राकडे तोंड करून बसलो होतो.

"जवळच चर्च आहे म्हणे. जुनं आहे. बघायचं?" तिने विचारलं.

"बघू या."

मी फारच लवकर हो म्हणालो. तिने डब्याचं झाकण तसंच हातात धरलं. "तुम्हाला माहितीय आज तिथं काय आहे ते."

"काय?"

"तिथं तोंड उघडणार नाही अशी शपथ घ्या माझी."

"शपथबिपथ आपल्यात मानत नाहीत," मी म्हणालो आणि उठलो.

चर्च भरलं होतं, मिस्सा म्हणजे त्यांची रविवारची प्रार्थना चालू होती. मी मागच्या बाकावर कडेची जागा धरली. मुलगी पुढे मुलाच्या आईशेजारी बसली होती. आम्ही आलोय हे तिला ठाऊक नव्हतं. प्रार्थना मराठीत, गाणी मराठीत. शेवटाकडे फादर सूचना वाचू लागले. स्मशानभूमीची साफसफाई, मच्छीमारांची सभा. मग मुलाचं नाव आलं, आणि त्यामागोमाग, भाईंदर पूर्वचे अमुक अमुक यांची कन्या. पूर्ण नाव माझं, वडिलांच्या नावासकट.

"कुणाला या विवाहात अडथळा ठाऊक असल्यास कळवावे."

मी उभा राहिलो. तिथे असं कुणी उभं राहत नाही, ऑफिसात जाऊन सांगतात, हे त्या सुताराने मला सांगितलं नव्हतं.

"बसा," फादर म्हणाले. "काही असेल तर मिस्सा झाल्यावर भेटा."

"विचारलं तुम्ही आत्ता. मग आत्ताच ऐका."

सगळं चर्च मागे वळलं. मुलगीही वळली, आणि उठून उभी राहिली. "बोला पप्पा. काय अडथळा आहे ते सगळ्यांसमोर सांगा."

उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी बोलतो, तोच तिचा आवाज. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मुलाचं आधी लग्न झालेलं नव्हतं, नात्यातला नव्हता.

"मुलगा कसा आहे मला काय माहीत?" मी म्हणालो. "मला कुणी दाखवलाच नाही."

पुढून एक उंच पोरगा उठला. "मी हा हाय इथं."

दोनचार जण हसले. फादर हसले नाहीत. "हा अडथळा नाही, ही तक्रार आहे," ते म्हणाले. मुलाचा बाप जागेवरूनच ओरडला, "मिस्सा होऊ दे, व्याही! मंग घरी चला, तिथं भांडू."

बायकोने शर्ट धरून मला खाली बसवलं.

बाहेर अंगणात मी मुलाच्या बापाला गाठलं. आवाज चढवूनच सांगितलं, मुलीचा धर्म बदलायचा नाही, नाव बदलायचं नाही, आदल्या दिवशी आमच्या घरी बुद्धवंदना होईल आणि तुम्ही सगळे येऊन बसाल. यातलं एक जरी नाकारलं तर लग्न नाही.

तो गोंधळून माझ्या बायकोकडे बघायला लागला. "हे सगळं ठरलेलं हाय की. वहिनींनी चहा घ्यायच्या आधीच बोलून घेतलं. त्याशिवाय तारीख न्हाय म्हणाल्या."

मी बायकोकडे वळलो. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायला तुम्ही ऐकत कुठे होतात? तारीख ऐकल्याबरोबर ताट सरकवून उठलात."

मागायला काही उरलं नव्हतं. अंगण रिकामं होत होतं. मुलगी कठड्यापाशी पाठ करून उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. अमुक केलंस तर तमुक करेन, एवढंच मला बोलता येतं, आणि त्यातलं काही इथे चालणारं नव्हतं.

"मी येऊ का लग्नाला?"

तिने वळून मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा शर्ट घालून नका येऊ," ती म्हणाली, आणि आईचा हात धरून मुलाच्या घराच्या वाटेला लागली. मी चार पावलं मागून चालत गेलो. बायकोने मला सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही आहे.