आईची भुलाबाई पुसली

माझ्या धाकट्या भावानं मला फसवलं. घरात सगळे म्हणतात, चूक झाली. मी म्हणतो, फसवलं.

आमच्या भैंसा गावच्या बाजारात लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून देता देता मी कम्प्युटर शिकलो. घरचा सर्व्हर मीच उभा केला. सिनेमे, गाणी, लग्नांचे व्हिडिओ एका मोठ्या डिस्कवर, आणि तिथून घरातल्या दोन्ही टीव्हींवर. आई गेल्यावर वाटणी झाली. आमच्याकडं वाटणी म्हणजे परातीपर्यंत सगळं मोजून दोन. कम्प्युटर मात्र एकच, म्हणून त्यात मी दोन वेगळ्या सिस्टिम बसवल्या. चालू करताना त्याची की माझी, ते निवडायचं. दुपारपर्यंत माझी, संध्याकाळी त्याची. डिस्क दोघांनाही तीच.

ती डिस्क भावाला हवी होती. मी म्हणालो, "डिस्क माह्याकडं राहू दे. तुह्या बाजूनंबी सगळं दिसते, पुरंच्या पुरं." त्यानं हक्क सोडला. दोन्हीकडून दिसणारी वस्तू एकच आहे, हे मी सांगत बसलो नाही. समोरचा विचारत नसेल तर सौद्यात कोण सांगतो?

त्या डिस्कवर आईची भुलाबाईची गाणी होती. आश्विनात गल्लीतल्या पोरी जमायच्या. आई त्यांच्यात बसून गायची आणि शेवटी झाकलेला डबा हलवून विचारायची, "वळखा, काय खाऊ हाये?" तीन वर्षं मी ते फोनवर टिपलं होतं. तो फोन कधीच मोडीत गेला.

परवा सकाळी बघतो तर फोल्डरच नाही. त्या जागी नवे तेलुगू सिनेमे. परत मिळवायची माझी सगळी खटपट वाया गेली.

"काऊन पुसलं?" मी ओरडलो.

"माह्या वाट्याचं पुसलं, दादा. तुमचं तुमच्याकडं असंल ना."

"डिस्क एकच हाये, बह्याडा!"

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

आतून त्याची बायको बोलली, "मोजून तर भाऊजींनीच देल्लं होतं."

ठीक आहे, मी सांगितलं नाही. तेवढं माझ्या माथी मारा. पण फोल्डरवर 'आई' असं लिहिलेलं होतं, आणि ते त्याला वाचता येतं. सिनेमांना जागा पाहिजे म्हणून त्याला नेमकं तेच कसं सापडलं? पुसायच्या आधी भिंतीपलीकडून मला एक हाक का मारली नाही? याचं उत्तर त्यानं चार माणसांत, माझ्या तोंडावर द्यावं.