थंड खोलीची मालकीण

लाईट गेल्यावर जिचा चेहरा उजळतो अशी बाई अख्ख्या भिवंडी तालुक्यात एकच, आणि ती माझी थोरली आत्या आहे, हे मी काल्हेरच्या नाक्यावर उभं राहून कोणालाही सांगेन. शेतात गोदामं उभी राहिली, हातात पैसा आला, तेव्हा गावाने गाड्या घेतल्या. आत्याने एक एसी घेतला आणि तो चालवायला पेट्रोलवरचा छोटा जनरेटर. लाईट असताना मात्र ती एसीला हात लावू देत नसे. पंख्याखाली घाम पुसत म्हणायची, "लाईट असताना कोन पन लावील. त्यात काय हाय?"

लाईट गेली की पदर खोचून ती घरभर फिरे आणि फ्रीज, टीव्ही, मिक्सर, सगळ्यांचे प्लग काढी, कारण त्या यंत्राला एसीखेरीज काही पेलत नसे. ते ठेवलेलं परसात, घरापासून लांब, पत्र्याखाली. "याचा धूर घरात शिरला तं मानूस उठाचा न्हाय," असं दर वेळी बजावून ती दोरी खेचायची. एसीचा भार पडला की यंत्र कण्हायचं, आणि त्याचा आवाज सरळ होईपर्यंत आत्या हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायची. एकदा धाकट्या जावयाने लपूनछपून इस्त्री लावली आणि सगळंच बंद पडलं. त्याला अर्ध्या चुरगळलेल्या शर्टात लग्नाला धाडताना ती शांतपणे म्हणाली, "जावई असला तरी लोड तो लोड."

एका मे महिन्यात माझ्या आतेभावासाठी पडघ्याहून मुलीकडची माणसं यायची होती. त्याच सकाळी ट्रान्सफॉर्मर जळला. आत्या खूश. पाहुणे थंड खोलीत बसणार, तेही गावात लाईट नसताना. तेवढ्यात शेजारच्या भाड्याच्या खोलीतली, यंत्रमागावर काम करणाऱ्या लूमवाल्याची बायको घामाने भिजलेलं तान्हं बाळ घेऊन दारात आली. डॉक्टरांकडून नुकतीच परतली होती. बाळाला गारव्यात ठेवा, असं त्यांनी सांगितलेलं. "अम्मा, दूध नहीं पी रहा," एवढंच ती म्हणाली. आत्याने तिला आत नेलं, पलंगावर बसवलं आणि दार ओढून घेतलं.

पाहुणे आले ते पडवीत बसले. आतेभाऊ हळूच म्हणाला, "आई, त्यांना पन आत घे ना." आत्या म्हणाली, "धा मानसं शिरली तं गारवा राहील काय?" मग पाहुण्यांना सरळ सांगितलं, "आत ल्हान पोर हाय. तुमाला हितंच बसाला लागंल." मुलीची आई उठली, दार किलकिलं करून पाहिलं आणि परत येऊन पदराने वारा घेत म्हणाली, "प्यायला लागलं हो." सरबत कोमट होतं, बोलणी उकाड्यातच झाली, आणि लग्न ठरलं. त्या दिवशी मला माझ्या आत्याचा जो अभिमान वाटला, तो अजून उतरलेला नाही.

आता आत्या मुलासुनेबरोबर मानकोलीजवळच्या नव्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर राहते. तिथला जनरेटर आपोआप चालू होतो. लाईट जाते, आत्या सोफ्यावरून उठू लागते, आणि पुरती उभी राहायच्या आत दिवे परत लागलेले असतात. "उठाला पन देत न्हाय," असं म्हणून ती पुन्हा बसते आणि बाहेर कोणीतरी ताटकळत असावं तशी बंद दाराकडे बघत राहते.