रविवारी बसवायची पट्टी

जुना लॅपटॉप समोर ठेवला की तो आधी त्याला कान लावायचा. मग मान वर करून म्हणायचा, "जीव आहे अजून."

पनवेलच्या बाजारात तुम्हीही त्याला पाहिलं असेल. चिंचोळं दुकान, कपाळावर चढवलेला चष्मा, खिशात स्क्रू ड्रायव्हर. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू माणूस, बोलणं आपल्यासारखंच. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवार सरेपर्यंत दुकान बंद. तेवढ्या वेळात स्क्रू ड्रायव्हरला हात लावणार नाही म्हणजे नाही.

मी एकदा डिवचलं, "काय रे, तुझा देव शनिवारी स्क्रू मोजतो काय?"

"देवाचं माहीत नाही, काका. आई मोजायची."

मी चौथी शिकलेला, जन्म ट्रकवर गेला. त्या डब्यातलं मला काही कळत नाही. लॅपटॉप मुलीचा, कॅनडाला जाताना इथंच टाकून गेलेली. माझ्या बायकोला मोबाईलवर नीट दिसायचं नाही, म्हणून ती त्याच्यावर व्हिडिओ कॉल लावून नातीला बघायची. नात नुकती चालायला लागलेली. पण चित्र अडकायचं. पोरीनं पाऊल उचललं की ते तिथंच. पुढचं दिसायचं तेव्हा पोर पडून रडत असायची.

बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तो घरीच आला. आधी डिस्क बदलली. चहा उकळून झाला तरी सुरू न होणारा डबा झटक्यात सुरू व्हायला लागला. पण चित्र अडकायचंच.

"काकी, रॅम वाढवायला पाहिजे. ह्याची पट्टी आता सहज मिळत नाही, शोधतो. पण जीव आहे अजून."

"माझ्याकडं पन कान लाव रं," ही म्हणाली. "मिळाली तर मला पन एक पट्टी आन."

तो हसला, आणि हसता हसता चष्मा पुसायला लागला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "पट्टी मिळाली, काका. पण आता दिवस मावळतोय. रविवारी सकाळी बसवतो."

ही म्हणाली, "चालंल. रविवार काय लांब हाय."

शनिवारी पहाटे ती गेली.

मुलीला वेळेत येणं शक्य नव्हतं. आई दाखवायला लॅपटॉप लावला. मोबाईल धरायला स्थिर हात घरात कुणाचा होता? चित्र अडकलं. "बाबा, आई दिसत नाही," मुलगी ओरडत होती, "नुसतं छत दिसतंय."

बातमी कळून तो आला होता, दारात उभा होता. मला त्याचा राग आला. तोंडावर म्हणालो, "बघ तुझा रविवार."

तो माघारी गेला. परत आला तो पट्टी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन. माणसांत मांडी घालून बसला. सवयीनं कान खाली नेला आणि मध्येच थांबला. ते वाक्य त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं. त्यानं ते गिळलं. लॅपटॉप उलटा करून खोलला.

मुलीला आई दिसली. कपाळावरचं कुंकूसुद्धा. आणि पडद्यावर मुलीच्या मागं नात चालत होती, खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठंही न अडकता. जिनं बघायचं तिचे डोळे मिटलेले.

त्या शनिवारबद्दल मी त्याला कधी विचारलं नाही, त्यानंही विषय काढला नाही. पुढं तोही मुलाकडं इस्रायलला गेला. दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात.

लॅपटॉप अजून पळतो. रोज उघडतो, लगेच सुरू होतो, आणि मला काही बघायचं नसतं. कधी कधी त्याला कान लावतो. आत पंखा फिरत असतो. बाकी काही नाही.