मी वाचून दाखवलेला सिनेमा

"येड लागलं तिले, दुसरं काई नाई," शेजारच्या काकू माझ्या पाठीमागे आईच्या कानाशी म्हणाल्या. त्या हळूच बोलल्या होत्या, पण सिनेमात त्या वेळी कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळे सगळ्या खोलीला ते ऐकू गेलं. टीव्हीवर एक बाई खिडकीचा पडदा धरून उभी होती. स्वयंपाकघराच्या दारात माझी वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने एकेक कप सगळ्यांच्या हातात दिला आणि काकूंना देताना, साखर बरोबर झाली का, असं विचारलं.

मी टीव्हीला खेटून खुर्चीवर बसले होते. वाचायचं काम माझ्याकडे होतं. सिनेमा परदेशी, भाषा कुणालाच न कळणारी, खाली इंग्रजी ओळी. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी, म्हणून ओळ आली की ती मराठीत सांगायची. चार माणसांत मला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नाही, पण हे बोलणं दुसऱ्या कुणाचं होतं, म्हणून जमत होतं. फक्त अशा वेळी माझी मराठी पाठ्यपुस्तकातली होते. "बातम्या देल्यावानी काय बोलून राह्यली? नीट सांग न," असं आईने दोनदा म्हटलं.

सिनेमातल्या बाईला रोज दुपारी रस्त्यापलीकडे आपला नवरा उभा दिसतो. नवरा त्या वेळी दूर कामावर असतो, निदान तो तसं सांगतो. दोन तासांच्या सिनेमात एवढंच घडतं. ती भांडी घासते, खिडकीत येते, पाहते, परत जाते. पहिल्या अर्ध्या तासात काकूंनी तीन वेळा विचारलं की गाणं कधी आहे. बाबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले की यापेक्षा आपल्या मालेगावच्या बसस्टँडवर बसलं तर जास्त पाहायला मिळतं. पण उठलं कुणीच नाही. नंतर नंतर तर बिस्किटाचा पुडा उघडताना आई कागद वाजू देत नव्हती.

हा सिनेमा लावायची कल्पना माझी नव्हती. मी तो दोन दिवस आधी लॅपटॉपवर पाहत होते, कानात वायर घालून. वहिनी झाडायला आली, झाडू हातात घेऊन मागेच थांबली आणि तिने विचारलं, ही बाई खिडकीत कायले उभी हाय. मी सांगितलं. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि पुढचा अर्धा तास हलली नाही. मग म्हणाली, हा रविवारी दुपारी टीव्हीवर लाव, सगळे घरी असतात. जाता जाता तिने विचारलं, "शेवटी समजते न, तिचं खरं होतं म्हणून?"

मी शेवट आधीच पाहिलेला होता. शेवटी काहीच समजत नाही. बाई दार उघडते, बाहेर पाहते, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येतं आणि पडदा काळा होतो. पण मी वहिनीला म्हटलं, आत्ताच सांगितलं तर मजा जाते. उत्तर टाळायचं असलं की मी असंच काहीतरी म्हणते.

वहिनी इंझोरीची. लग्न होऊन तीन वर्षं झाली. दसऱ्यानंतर तिने इथे टायपिंगचा क्लास लावला, दुपारी दोनचा. माझा भाऊ, दादा, शेलूबाजारला एका कृषी केंद्रावर कामाला आहे. सकाळी मोटारसायकलने जातो, अंधार पडता पडता येतो. क्लास सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. एकदा जेवताना वहिनीने त्याला सहज विचारलं, तुमी आज दोन वाजता झेरॉक्सच्या दुकानापाशी उभे होते का. दादा म्हणाला, मी शेलूले होतो, तू दुसऱ्या कोणाले पाह्यलं असन. चार दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी दादाने ताट सरकवलं आणि आईकडे पाहिलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, पुस्तकं वाचणारी. मी मान वर न करता म्हणाले की झोप कमी झाली की असे भास होतात कधीकधी.

भास हा शब्द आमच्या घरात असा माझ्या तोंडून आला. तोवर "पाह्यलं असन, गलती झाली असन" एवढंच चाललं होतं. त्यानंतर सगळे तोच शब्द वापरू लागले. तिले भास होते. आईने तो फोनवर मावशीला सांगितला. क्लास बंद झाला. आणि त्या सोमवारी, म्हणजे सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी, वहिनीला अकोल्याला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. तिथून परस्पर इंझोरीला सोडायचं, काही दिवस आरामाला. किती दिवस, हे कुणी म्हटलं नव्हतं. वहिनीने बॅग भरली होती. त्यात तिने हिवाळ्याचे कपडेच नाही तर उन्हाळ्याचेही ठेवले, हे मी पाहिलं होतं.

मी आणखीही काही पाहिलं होतं. क्लास सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर झेरॉक्सच्या बंद दुकानाच्या सावलीत दादा उभा होता. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, फोन कानाला, पण ओठ हलत नव्हते. वहिनी घरातून निघाली, वळणावर गेली, आणि त्याने गाडी चालू न करता ढकलत तिच्या मागे नेली. मी स्वतःला सांगितलं, काम असेल. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा तिथेच होता. त्या दिवशी मी ओलेच कपडे उचलले आणि खाली आले.

कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात दादाला खोटा म्हणायची पद्धत नाही, आणि माझ्याकडून तर ते शक्यच नव्हतं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. मी इथून जवळच्या वाशिमला इंग्रजी शाळेत जायचे, आणि रोज पहाटे मला स्कूलबसपर्यंत सोडायला तो उठायचा, थंडीत कानाला मफलर गुंडाळून. दहा वर्षं. ह्या माणसाने बायकोवर पाळत ठेवली, हे वाक्य मला कुठल्याच भाषेत जुळवता येत नव्हतं.

सिनेमात ती जागा आली. बाई नवऱ्याला विचारते, तू आज समोर उभा होतास का. नवरा बूट काढत एक ओळ बोलतो. खाली आलं, यू मस्ट हॅव सीन समवन. त्याचा अर्थ सरळ आहे, तू कुणाला तरी पाहिलं असशील. पण ओळ लवकर निघून जाते, आणि माझ्या तोंडात जे तयार होतं तेच बाहेर पडलं. मी म्हणाले, "तुला भास झाला असेल."

त्या ओळीनंतर खोली बदलली. तोवर आई बाईच्या बाजूने होती. हा माणूस काई बरा दिसत नाई, असं ती म्हणाली होती. आता ती चुकचुकली. दादा इतका वेळ फोनमध्ये होता, त्याने मान वर केली. म्हणाला, त्या बिचाऱ्याची काय चूक, तो तर कामाले जाते. त्यानंतरच काकू आईच्या कानाशी ते येड लागल्याचं बोलल्या.

मला चूक कळली होती. ओळ परत नेऊन नीट वाचता आली असती, रिमोट माझ्याच मांडीवर होता. मी पुढची ओळ वाचली.

सिनेमा संपला. काळ्या पडद्यावर नावं येऊ लागली तरी सगळे बसून राहिले, आणखी काहीतरी असेल म्हणून. "मंग?" आई म्हणाली. "झालं? असं कसं झालं?" तिला वाटलं मी शेवटच्या ओळी वाचायच्या विसरले. मी म्हटलं, ओळीच नव्हत्या. बाबांचा विश्वास बसेना. इंग्रजीत काहीतरी लिहिलं असेलच, ते म्हणाले. एवढा पिक्चर काढला तो काय उत्तर न देता काढला.

काकूंचं मत तयार होतं. बाईला बाहेरचं झालं होतं, कुणी लिंबू उतरवून टाकलं असतं तर मोकळी झाली असती. बाबांनी हात हलवला. त्यांच्या वडिलांनी धर्मांतराच्या वेळी घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून भूत हा शब्द आमच्या घरात लहान मुलाला भीती घालायलाही वापरत नाहीत. "काकू, आपल्या इथं हे नसते," बाबा म्हणाले. "भूत नाई, देव नाई. जे नाई ते दिसते म्हणजे डोकं. डोक्याचा इलाज करा."

लहानपणापासून मला बाबांच्या ह्या बोलण्याचा अभिमान वाटत आला आहे, अजूनही वाटतो. पण त्या दुपारी लक्षात आलं की काकूंच्या हिशेबात निदान बाईचा दोष नव्हता. भूत निघालं की बाई परत होती तशी. आमच्याकडे भूत नाही, दादा खोटं बोलत नाही, मग उरलं काय? वहिनीचं डोकं. दुकानासमोर जाऊन विचारावं, कृषी केंद्रावर एक फोन करावा, हे भूत न मानणाऱ्या आमच्या घरात एकालाही सुचलं नव्हतं.

"तेच म्हणतो मी," दादा म्हणाला. "वेळेवर नेलं असतं त्या बाईले त बरी झाली असती." मग उठत आईला म्हणाला की उद्या सकाळी लवकर निघू, अकोल्यात गर्दी राह्यते.

वहिनी कप गोळा करत होती. ती थांबली आणि सरळ माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती. तिने इतक्या साध्या आवाजात विचारलं की जणू खरंच सिनेमाचंच विचारते आहे.

"ताई, तुमी वाचलं सगळं. तुमीच सांगा. ते बाई येडी होती का?"

"हो, सांग न," बाबा म्हणाले. "तुलेच समजते ते."

सगळे माझ्याकडे पाहत होते. दादासुद्धा. त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. मी उत्तर टाळायला नेहमीचं काहीतरी शोधलं, पण वहिनी कप हातात धरून समोरच उभी होती.

"एक ओळ मी चुकीची सांगितली," मी म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की आईने काय म्हणून विचारलं, म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "तो भास म्हणत नाई. भास मीच म्हटलं, तिथंही अन् इथंही. पिक्चरमधल्या बाईचं मले माहीत नाई, बाबा. पण दुकानापाशी दादाच उभा होता. मीनं पाह्यलं त्याले गच्चीवरून, दोनदा."