स्टिअरिंगवरचं बोट

नोकरीसाठी मी आयर्लंडमधल्या ज्या खेड्यात राहते, तिथे एक रस्ता, एक चर्च आणि बाकी सगळी मेंढरं. आई दर रविवारी फोनवर विचारते, "कुणी भेटतं का गं तिथे?" मी म्हणते, "कुणी नाही."

संध्याकाळी चालत परतताना समोरून एक लाल ट्रॅक्टर यायचा. चालवणारा म्हातारा स्टिअरिंगवरचा हात न हलवता एक बोट तेवढं वर करायचा. मला वाटायचं, दटावतोय, बाजूला हो म्हणतोय. मी काटेरी कुंपणाला चिकटून अंग चोरून उभी राहायचे.

हे ऐकून घरमालकीण पोट धरून हसली. "अगं, तो नमस्कार आहे! इथे सगळ्यांनाच करतात, ओळख असो नसो."

म्हणजे माझ्यासाठी खास काही नव्हतंच. तरी दुसऱ्या दिवसापासून खिशातला हात थंडीत बाहेर काढून मीही बोट वर करू लागले. कितीतरी दिवस कामाबाहेरचं माझं बोलणं तेवढंच.

गेल्या आठवड्यात म्हातारा गेला. इथल्या रीतीप्रमाणे अख्खं गाव रांगेने त्याच्या घरी जाऊन घरच्यांचे हात हातात घेत होतं. मीही गेले. काय बोलणार? मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. त्याच्या मुलीने मला निरखून पाहिलं.

"रोज रस्त्याने चालत जाता, त्या तुम्हीच ना? बाबा चहा घेताना सांगायचे, आज ती भेटली होती."

रविवारी आईने नेहमीचंच विचारलं.

"भेटायचे एकजण," मी म्हटलं.