गजाभाऊंच्या दुर्बिणीची झाकणं

त्या दिवशी सकाळी मी कारंज्यातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात एका मास्तरांच्या फ्रेममध्ये काच बसवत होतो. फोन वाजला. नाव गजाभाऊंचं. मी काच तशीच हातात धरून सवयीनं विचारलं, “बोला, उठलं का?” पलीकडे गजाभाऊ नव्हते, त्यांच्या घरच्या कुसुमवहिनी होत्या. “भाऊजी, चहा घेऊन गेली मी... हे उठलेच नाही,” एवढंच त्या बोलल्या. मास्तरांना नंतर या म्हटलं आणि शटर ओढून त्यांच्या गावाची, इंझोरीची वाट धरली. आता महिना होऊन गेला, तरी त्या सकाळी मी तोंडातून काय काढलं ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

गजाभाऊ वनखात्यात गार्ड होते. निवृत्तीला आठ महिने उरले होते. आमच्या भागात एखादं जनावर तारेत अडकलं, गोठ्यात शिरलं, की डॉक्टर बेशुद्धीच्या औषधाचं माप भरून देणार आणि नेम धरणार गजाभाऊ, असं ठरूनच गेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मात्र मी त्यांना जवळजवळ हाकललं होतं. त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळलेली एक काळी नळी काउंटरवर ठेवली. बंदुकीवरची दुर्बीण. तिची मूळची झाकणं हरवली होती, तुरीच्या काढणीतला धुराळा काचेवर बसायचा आणि तो शर्टाच्या टोकानं पुसून पुसून काचेवर ओरखडे पडायला लागले होते. त्यांना नवी झाकणं हवी होती. मी म्हटलं, आम्ही जैन माणसं, बंदुकीच्या वस्तूला हात लावत नाही, दुसरं दुकान बघा. बोललो तेही जरा चढ्या आवाजात. माणूस हलेना. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, “शेटजी, मारायची नाही, झोपवायची बंदूक हाय ही.”

मागच्या खुर्चीवर आमची बाई, म्हणजे माझी आई, जपमाळ घेऊन बसलेली असायची. तिनं माळ थांबवून विचारलं, “झोपलेला जीव मग उठते का?” गजाभाऊ म्हणाले, उठते बाई, तो उठून चालाले लागल्याबिगर मी जागचा हलत नाही. बाईनं मान डोलावली. “मग दरवेळी येऊन सांगत जा. नाही उठला तरी येऊन सांगायचं.” अशी ही अट. ती त्यांनी मान्य केली आणि मला मुकाट्यानं कामाला लागावं लागलं.

आता काच म्हटली की मी कोणाचं ऐकत नाही, ही माझी जुनी खोड. मी ऑनलाइन धुंडाळून पारदर्शक झाकणं मागवली. काढायची गरजच नाही, आरपार दिसतं, वेळ वाचतो, असं अर्धा तास व्याख्यान दिलं. गजाभाऊंनी ती दोनदा डोळ्याला लावून पाहिली, थोडे घुटमळले आणि म्हणाले, “काचेतलं तुमाले जास्त समजते. तुमी म्हणसान ते.”

पुढच्याच थंडीत जऊळक्याजवळ एक रोही, म्हणजे नीलगायीची मादी, शेताच्या काटेरी तारेत अडकली. पहाटेच्या दवानं त्या झाकणांवर धुकं धरलं. गजाभाऊंनी नेम धरला तर पुढे सगळं पांढरं. पुसलं, पुन्हा धरलं, पुन्हा पांढरं. घट्ट बसलेली झाकणं उपटून काढेपर्यंत ती बिचारी तारेत धडपडत राहिली, आणि औषध लागेपर्यंत तिच्यातली सगळी ताकद संपली होती. गजाभाऊ थेट दुकानात आले. पायाला तसाच चिखल. बाईसमोर उभं राहून, टोपी काढून म्हणाले, “बाई, आज नाही उठलं.” झाकणांचा एका शब्दानं उल्लेख नाही! बाईनं त्या दिवशी उपास धरला. ते बाहेर निघाल्यावर मी मागे धावलो, खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. मी तर हादरलोच. माझ्या शहाणपणानं एक जीव गेला होता. ते म्हणाले, “तुमी कायले जीवाले लावून घेता? दवात लावून पाह्यचं काम माह्यं होतं. मी पाह्यलं नाही.” आणि खात्याच्या कागदातही तसंच लिहून दिलं, चूक माझी. साहेबांची बोलणी खाल्ली. हे मला दोन वर्षांनी दुसऱ्याच माणसाकडून समजलं.

तेव्हापासून या माणसानं एकही झाकण न तपासता बंदुकीवर चढू दिलं नाही. मी स्प्रिंगची, बोटानं दाबली की टपकन उघडणारी झाकणं आणली. ती रात्रभर अंगणात तुळशीजवळ दवात ठेवली. तिथं पास. खळ्यावर मळणीयंत्राच्या धुराळ्यात धरली, तिथंही पास. मग घरच्या शेळीपासून वीस पावलांवर बसून उघडली, आणि शेळीनं चरता चरता कान टवकारले. संपलं! झाकणं माझ्याकडे परत. “शेळीले ऐकू आलं तं बिबट्याले काहून नाही येणार?” वहिनी सांगतात, त्या आठवड्यात शेळीला दिवसातून दहा वेळा कान टवकारावे लागले आणि तिनं दूध कमी केलं. शेवटी आम्हीच झाकणं केली. चष्मा पुसायचं मऊ कापड आतून, जाड कापड बाहेरून, काठाला सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि दोन्ही टोप्या एका दोरीनं जोडलेल्या. एक ओढ दिली की दोन्ही एकदम निघतात, आवाज नाही, आणि खाली लोंबत राहतात म्हणून हरवतही नाहीत. चामडं नको ही सूचना बाईची. शिवणही तिचीच, जरा वाकडी.

कामरगावला गोठ्यात बिबट्या शिरला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. गोठ्याबाहेर पाचपन्नास लोक, प्रत्येकाच्या हातात काठी, आणि दारात एकटे गजाभाऊ आडवे उभे. आवाज न चढवता म्हणाले, “एक घंटा द्या. मंग तुमी अन् तो.” लोक कुरकुरत मागे सरले. दोरी ओढलेली मला दिसली, आवाज काही आला नाही. बिबट्या कलंडला तसं त्यांनी पहिल्यांदा खिशातलं कापड त्याच्या डोळ्यांवर टाकलं. त्या औषधानं जनावराचे डोळे उघडेच राहतात, ऊन लागतं, धूळ जाते. मग लोकांकडे वळून बोटानं गप्प राहायची खूण केली. काठ्या घेतलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी चूप बसली... मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी माणसाला मी दोनदा सांगितलं, हे आमचे गजाभाऊ. संध्याकाळी ते दुकानात आले, “बाई, उठलं” म्हणाले, आणि बाईनं त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली.

चार वर्षांपूर्वी बाई गेली. मला वाटलं, आता हे येणं संपलं. पण गजाभाऊ येत राहिले, लांब असले तर फोन करायचे. रिकाम्या खुर्चीला सांगायचं कसं म्हणून मलाच सांगायचे. जे नाही उठले त्यांचंही सांगितलं. एकदाही चुकवलं नाही. दिलेल्या शब्दाला इतकं जागणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि तो माझा मित्र होता हे मी कोणालाही छाती फुगवून सांगतो.

तेराव्याला मी इंझोरीत विचारलं, झाकणं कुठं आहेत? मला ती बाईच्या फोटोखाली ठेवायची होती. वहिनी म्हणाल्या, बंदूक सरकारची, गेली. झाकणंही तिच्यावरच गेली. मी जरा हिरमुसलो, खोटं कशाला सांगू.

मागच्या मंगळवारी दुपारी दुकानात अनोळखी नंबरवरून फोन आला. एका तरुण मुलीचा आवाज. गजाभाऊंच्या हाताखाली शिकलेल्या आणि आता त्यांच्या जागी आलेल्या गार्ड मॅडम, नाव प्राजक्ता. म्हणाल्या, काळवीट होतं, कालव्यात पडलं होतं. मग जरा अडखळल्या. “काका, भाऊंनी सांगून ठेवलं होतं, दुर्बिणीची दोरी ओढली की तुम्हाला कळवायचं. उठलं. पळालं पण.”

मी फोन ठेवला. मागे वळून बाईच्या खुर्चीला आणि समोरच्या स्टुलाला, दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “उठलं.” चष्म्याचा नंबर तपासायला बसलेले गृहस्थ दचकले. दचकू देत.